झटकू नको

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा शेजारच्यांच्या पडवीचं काम चालू होतं. वानरांच्या त्रासाने आमच्या संगमेश्वराकडची कितीतरी घरांवरची कौलं गेली, त्यांच्या जागी ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे पत्रे आले. आता त्या पत्र्यांनाही पंचवीस-तीस वर्षं झाली, म्हणून निळे रंगीत पत्रे येताहेत. पण जुना पत्रा कोण टाकून देतो? पडवीवरचा उतरवायचा आणि गोठ्यावर चढवायचा. गोठा लहान, म्हणून पत्रा कापायचा. शेवाळाने काळे पडलेले ते पत्रे फणसाखाली आडवे टाकून एक तरुण मुलगा ग्राइंडरने कापत होता. तोंडाला काही नाही, डोक्याला तेवढा टॉवेल. कानात घुसणारा आवाज आणि त्याच्यामागे पांढरट धुरळ्याचा लोट. तो लोट गडग्यावरून आमच्या बाजूला यायचा, सुपात वाळत घातलेल्या आमसुलांवर बसायचा. मी सूप आत नेलं, खिडक्या लावून घेतल्या आणि बाहेर जाऊन काय बोलावं, कसं बोलावं, याची मनात जुळवाजुळव करत राहिले. काम दुसऱ्याच्या घराचं, पावसाच्या आधी उरकायची त्यांना घाई, आणि मी चार दिवसांची पाहुणी. अर्धा दिवस त्या जुळवाजुळवीतच गेला.

जेवणाच्या वेळेला ग्राइंडर थांबला. त्या मुलाची बायको खालच्या वाडीतून डबा घेऊन आली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. मी तेव्हा धीर करून गडग्यापाशी गेलेच होते. मुलाने शर्ट काढून पायरीवर टाकला आणि तो हातपाय धुवायला विहिरीकडे गेला. तिने तो शर्ट उचलला, दोन्ही खांद्यांना धरला आणि हाताच्या सवयीने दोनदा झटकला. फट्, फट्. फणसाच्या पानांतून उन्हाची एक तिरीप येत होती. तिच्यात क्षणभर काहीतरी बारीक चमचमलं आणि तिच्या केसांवर, गळ्यावर बसलं.

“झटकू नको!”

एवढ्या जोरात ओरडले की ओट्यावर झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला. घरातली माणसं बाहेर आली. ती मुलगी शर्ट तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी आपलं चुकलं आहे, पण काय ते कळत नाही, असा तिचा चेहरा. ज्या गोष्टीत तिची काडीचीही चूक नव्हती त्या गोष्टीसाठी मी तिच्यावर ओरडले होते. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आणि तो शर्ट झटकायचा हात मी पूर्वी किती वेळा पाहिला होता, हेही.

तो हात आत्याचा.

आत्याचं बिऱ्हाड मुंबईत, मध्य रेल्वेच्या लाइनीवरच्या एका उपनगरात. चाळीत दुसरा माळा, दहा बाय बाराची खोली, आत मोरी, बाहेर लांबलचक गॅलरी. आतोबा आधी लालबागकडच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. १९७० साली ते उपनगरातल्या एका कारखान्यात लागले. तिथे ॲस्बेस्टॉसचे दोर, कापड, गास्केट, गाड्यांच्या ब्रेकचं लायनिंग असला माल निघायचा. कापूस पिंजायचं यंत्र आणि ॲस्बेस्टॉस पिंजायचं यंत्र एकाच जातीचं, त्यामुळे गिरणीत काम केलेल्या माणसाला तिथे लगेच घेत. आतोबा त्याला शेवटपर्यंत ‘कापूस’च म्हणायचे. दगडातून निघणारा कापूस, विस्तवात धरला तरी न जळणारा. त्यांना त्याचं फार कौतुक होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी खिशातून दोराचा एक तुकडा काढला आणि आम्हा पोरांना स्टोव्हच्या जाळावर धरून दाखवला. तो लाल झाला, पुन्हा पांढरा झाला, पण जळला नाही. मग प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला. मऊ होता. माझ्या धाकट्या भावाने त्याची टोकं उसवून हनुमानाची शेपटी केली होती आणि दिवसभर ती कमरेला लावून तो गॅलरीत उड्या मारत होता.

संध्याकाळी आतोबा यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. आत्या त्यांना दारातच थांबवायची. खाकी शर्ट आणि पँट तिथेच उतरवून घ्यायची, गॅलरीच्या कठड्याबाहेर धरून झटकायची, मग मोरीत न्यायची. न झटकता भिजवले तर त्या धुळीचा चिकट लगदा व्हायचा, मोरीची जाळी तुंबायची आणि खालच्या माळ्यावरच्या बाईंची बोलणी खावी लागायची. म्हणून झटकणं. त्यात स्वच्छतेची हौस होती आणि शेजारधर्मही होता. मग पाचशेएक बार, काळा दगड, धोपटणं. ते कपडे ती इतके स्वच्छ धुवायची की कारखान्यात आतोबांना त्यावरून ‘साहेब’ म्हणत. आत्या ही गोष्ट सांगताना लाजायची. कॉलेजची दोन वर्षं, १९८९ ते १९९१, मी तिच्याकडे राहिले. रविवारचं धुणं माझ्याकडे असायचं. मीही ते कपडे कठड्याबाहेर धरून झटकले आहेत. जोर करून, मान वळवून, डोळे बारीक करून. तोंड मात्र मिटायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. मिटलं असतं तरी श्वास नाकानेच घेतला असता.

१९९४ला कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली. आतोबा घरी बसले. खाकी कपडे बोहारणीला गेले, त्यांच्या बदल्यात स्टीलचा एक डबा आला. विषय संपला, असंच कोणालाही वाटलं असतं.

२०१२च्या गणपतीत आत्या गावी आली तेव्हा मोदकांना बसली आणि अर्ध्यात उठली. “पाठ भरून आली गो,” म्हणाली. उजव्या खवाट्याखाली दुखतं, बोट ठेवून दाखवता येत नाही, कोणी आतून मूठ आवळून धरल्यासारखं वाटतं, असं सांगत होती. आम्ही तेल चोळलं, शेकायला पिशवी दिली. त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दादरला खरेदीला गेलो की पुलाच्या पायऱ्या चढताना ती मधेच थांबायची आणि बांगड्यावाल्याकडे बघत उभी राहायची. आम्हाला वाटायचं, हिला बांगड्या बघायच्या आहेत. मी एकदा तिला आग्रहाने डझनभर हिरव्या बांगड्या घेऊनही दिल्या. ती दम खात होती. दम लागतो हे सांगायचं नव्हतं म्हणून बांगड्या बघत होती. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. कोरडा खोकला होता. ब्लाउज सैल झाले होते, ते तिने आतून टाके घालून कोणाला कळू न देता बसवून घेतले होते. ती गेल्यावर कपाट आवरताना एका ब्लाउजला मला टाक्यांच्या तीन ओळी दिसल्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. ती किती झपाट्याने उतरत गेली, ते त्या शिवणीत स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि आम्ही सगळे तिच्या समोर बसून जेवत होतो.

जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजव्या बाजूला पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून दीड लिटर पाणी काढलं, फिक्या चहाच्या रंगाचं. छातीत पाणी म्हणजे टीबी, हे आपल्याकडे डॉक्टरांनाच काय, चाळीतल्या कोणालाही ठाऊक असतं. ते बहुतेक वेळा खरंही असतं. गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल होते म्हणून घाबरू नका, असं बजावून सांगितलं होतं, त्याप्रमाणे आत्या घाबरली नाही. दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरलं. या वेळी ते कोकमाच्या आगळासारखं होतं. मला त्या पहिल्या डॉक्टरांचा राग आला होता, पुष्कळ दिवस होता. आता तेवढा नाही. शंभर माणसांच्या छातीत पाणी होतं तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांना टीबीच असतो. पण गोळ्या चालू असताना पाणी पुन्हा भरलं, रंग बदलला, वजन उतरतच राहिलं, तेव्हा तरी कोणी थांबून आणखी काही विचारायला हवं होतं. आमच्यापैकीही कोणी विचारलं नाही. आणखी दोन महिने गेले.

मग मोठं हॉस्पिटल. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की फुफ्फुसात गाठ अशी नाहीच. फुफ्फुसावर जे पातळ दुपदरी आवरण असतं, श्वास घेताना ज्याच्या आत फुफ्फुस अलगद सरकतं, ते आवरणच जाड, गाठाळ झालं होतं आणि त्याने फुफ्फुसाला चहूबाजूंनी आवळलं होतं. आत्या मूठ म्हणत होती ती हीच. नुसतं पाणी तपासून हे बऱ्याचदा पक्कं कळत नाही, म्हणून छातीत दुर्बीण घालून तुकडा काढला. तो वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी तपासला, आणि मार्च २०१३मध्ये कागदावर तो शब्द आला. मेसोथेलिओमा, त्या आवरणाचा कॅन्सर. आतोबांना तो उच्चारता यायचा नाही. ते ‘तो मेसोचा आजार’ म्हणायचे, जणू कोणी मेसो नावाचा माणूस तो घेऊन आला होता.

त्या वॉर्डात एक निवासी डॉक्टर होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. रात्रपाळीने डोळे सुजलेले. ती केसपेपर भरत होती. ‘व्यवसाय’ या रकान्यात आधीच कोणीतरी ‘गृहिणी’ लिहिलेलं होतं. तिने तो शब्द वाचला, पेन खाली ठेवलं आणि आत्याला विचारलं, “आजी, घरात कोणी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होतं का हो?” आतोबांनी हात वर केला. शाळेत करतात तसा. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, जो त्या सहा महिन्यांत कोणीही विचारला नव्हता.

“त्यांचे कपडे कोण धुवायचं?”

खोलीत काही वेळ कोणी बोललं नाही. तिने ‘गृहिणी’ खोडलं नाही. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं: ‘पतीचे कामाचे कपडे धुतले, १९७१ ते १९९४’. त्या ओळीखाली तिने रेघ मारली. आत्याने आयुष्यभर केलेल्या कामाची कुठल्याही सरकारी, निमसरकारी कागदावर झालेली ती एकमेव नोंद आहे. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे.

त्याआधी आमच्या घरात एक वेगळाच खटला चालू होता. छातीचा कॅन्सर म्हटल्यावर नातेवाइकांचे डोळे आतोबांच्या विडीकडे वळले होते. “खोलीत बसून ओढायचे, त्या बिचारीच्या छातीत धूर गेला,” असं त्यांच्या समोर बोललं जायचं. आतोबा ते खाली मान घालून ऐकायचे. एकदा मी त्यांना विडीचं बंडल गॅलरीतून खाली फेकताना पाहिलं. त्या डॉक्टर मुलीने समजावून सांगितलं की विडी-सिगारेटने हा आजार होत नाही. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी पटीने वाढतो. तो वेगळा आजार. हा आवरणाचा. हे ऐकताना आतोबांचा चेहरा मी बघत होते. चाळीस वर्षांचं ओझं उतरावं तसा तो एक क्षण मोकळा झाला. आणि मग पुढचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं, कपड्यांचं. मी त्या वेळी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आत्याने मात्र सरळ विचारलं, “मग ह्यांचे कपडे कोणी धुवायचे होते?”

याचं उत्तर जगाला फार आधीपासून माहीत होतं, हे मी नंतरच्या रात्री वाचत बसले तेव्हा कळलं. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतली धूळ आवरायचे नियम ब्रिटनने १९३१ सालीच केले होते. म्हणजे आत्याच्या लग्नाच्या चाळीस वर्षं आधी. १९६०मध्ये वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ-वेस्टर्न केप भागातले या आजाराचे ३३ रुग्ण मांडले. तिथे निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. रुग्ण सगळे खाणकामगार असते तर गोष्ट सोपी होती. पण त्यांत गृहिणी होत्या, गुरं राखणारे होते, खाणीच्या आसपास नुसतं राहिलेले लोक होते. पुढे १९६५ साली लंडनच्या न्यूहाउस आणि टॉम्प्सन या संशोधकांनी ७६ रुग्णांचा माग काढला. त्यातल्या ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं होतं. आणखी ९ जणांनी कधीच केलं नव्हतं, पण त्यांच्या घरातलं कोणीतरी करत होतं. बहुतेक बायका होत्या, नवऱ्यांचे कामाचे कपडे धुणाऱ्या. मी ते वाक्य वाचलं आणि उठून पाणी प्यायले. १९६५. आत्या तेव्हा संगमेश्वराला चौदा वर्षांची होती, नदीवर धुणं धुवायला शिकत होती. तिला जे होणार होतं ते लंडनमध्ये छापून आलं होतं. कामाचे कपडे कामावरच उतरवायचे, ते कारखान्याने धुवायचे, माणसाने अंघोळ करून घरी यायचं. एवढंच उत्तर होतं तिच्या प्रश्नाचं.

हा आजार किती दबा धरून बसतो त्याची कल्पना करवत नाही. केसाहून कितीतरी बारीक तंतू, श्वासाबरोबर खोल जातात, काही त्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, बाहेर टाकता येत नाहीत. वीस, तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षं. तोवर माणूस नोकरी करतो, निवृत्त होतो, नातवंडांना खेळवतो. क्वचित हा आजार पोटाच्या आवरणातही होतो. तिथे पोट फुगत जातं, दुखतं, भूक मरते आणि बाई असेल तर आधी भलतीच कारणं शोधली जातात. तुर्कस्तानात कॅपाडोसियाच्या काराइन आणि तुझकोय या गावांत तर कारखानाही नव्हता, खाणही नव्हती. तिथल्या दगडातच एरिओनाइट नावाचं तंतूसारखं खनिज होतं. लोकांनी त्याच दगडाची घरं बांधली आणि पिढ्यान्‌पिढ्या या आजाराने मेले. काही कुटुंबांत बीएपी१ नावाच्या जनुकात जन्मतः बदल असतो, त्यांना धोका जास्त. पण फक्त काहींनाच का होतो, याचं साधं उत्तर नाही. चोवीस वर्षं तो कापूस पिंजणाऱ्या आतोबांच्या एक्स-रेत आवरणावर पांढरे चट्टे दिसले, धापही लागायची, पण हा कॅन्सर त्यांना झाला नाही. ते प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारायचे, “मला का नाही?” त्यांच्या आवाजात सुटका नसायची. आपला काहीतरी हिशेब चुकवला गेला आहे, तो कोणीतरी बरोबर करून द्यावा, अशी विनवणी असायची.

आत्याचे केमोचे सहा डोस झाले. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरणाचे दोन पदर चिकटवायचा उपायही केला. दोन-तीन महिने बरे गेले. त्या काळात आतोबा मोरीत पाटावर बसून कपडे धुवायला लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात रुमाल धुतलेला नाही. आधी फक्त स्वतःचे, मग तिचे गाऊन. तिच्या साड्यांना हात लावायला लाजायचे, पुढे तेही राहिलं नाही. बादलीत भिजवायचे, दोन्ही हातांनी दाबून दाबून पिळायचे, मधे थांबून धाप घ्यायचे आणि तसेच ओलेगच्च दांडीवर टाकायचे. वाळत घालायच्या आधी कापड झटकतात ना, सुरकुत्या जाव्यात म्हणून? ते झटकायचे नाहीत. सुरकुत्यांसकट वाळलेले ते गाऊन आत्या मुकाट्याने घालायची. तिने आयुष्यात सुरकुती पडलेलं कापड अंगाला लावलं नव्हतं. ती २०१४च्या फेब्रुवारीत गेली. शेवटच्या आठवड्यात ती बसूनच झोपायची, समोर उशी घेऊन तिच्यावर कपाळ टेकून. आतोबा पुढे २०१९पर्यंत होते.

मधल्या काळात मी भरपाईच्या मागे लागले होते. कामगार भरपाई कायद्याच्या आजारांच्या यादीत मेसोथेलिओमाचं नाव होतं. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ला ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. त्यात प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायला सांगितलं. तो निकाल वाचताना मला रडू आलं. चाळीस वर्षं हा आकडा कोर्टाने बरोबर ओळखला होता. पण सगळीकडे शब्द एकच, ‘कामगार’. मी ज्या ज्या टेबलासमोर उभी राहिले तिथे माणसं सभ्यपणे वागली आणि प्रत्येकाने विचारलं, “त्या कामाला होत्या का तिथे?” नव्हत्या. हजेरीपटावर नाव नाही, पगारपत्रक नाही. कारखान्याचं काम तिने घरात केलं, बिनपगारी केलं, कारखान्याचीच धूळ धुतली, पण ती कामगार नव्हती. यावर मी आजही भांडायला तयार आहे. ज्या देशात ॲस्बेस्टॉस खणायचे परवाने थांबवले आहेत, पण दरवर्षी लाखो टन बाहेरून आणून त्याचे पत्रे करतात, त्या देशात हा आजार कागदावर एवढा थोडा का दिसतो? मला वाटतं, रकान्यात ‘गृहिणी’ लिहून पुढे जातात म्हणून. छातीत पाणी म्हटलं की गोळ्या सुरू होतात म्हणून. साठाहून जास्त देशांनी हे सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस बंद केलं, ब्रिटनने १९९९मध्ये शेवटचा पांढरा प्रकारही बंद केला. आपल्याकडे गावच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही पत्रा मिळतो, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून.

मी स्वतः एका छातीच्या डॉक्टरांना भेटून आले. दोन वर्षांचे रविवार त्यांना सांगितले. ते म्हणाले, धोका थोडा आहे, पण नाही असं म्हणता येणार नाही. वेळेआधी पकडणारी खात्रीची चाचणी अजून नाही. धाप लागली, छातीत एका बाजूला दुखत राहिलं, पाणी झालं, वजन कारण नसताना उतरलं तर थांबू नका. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोष्ट तुम्ही आधी सांगा, ते विचारतील म्हणून वाट बघू नका. तेव्हापासून मी सांगते. दाताच्या डॉक्टरांनाही सांगून झालं. जिन्यात थांबावंसं वाटलं तर मी थांबते आणि बांगड्यांकडे न बघता, दम लागलाय, असं मोठ्याने म्हणते.

तर त्या दुपारी मी गडगा ओलांडून पलीकडे गेले. आधी त्या मुलीची माफी मागितली. तिच्या हातातून शर्ट घेतला, बादलीत पाणी ओतून त्यात दाबून बुडवला. तिला चेहरा, मान, केस ओल्या फडक्याने पुसायला लावले. मालकांना आणि त्या मुलाला सांगितलं की अख्खा पत्रा छपरावर असतो तोवर त्यातले तंतू सिमेंटमध्ये धरून राहतात. कापला, भोक पाडलं, फोडला, घासला की ते सुटतात. नाक-तोंडावर टॉवेल बांधून ते अडत नाहीत. आता कापूच नका, आहेत तेवढे पाण्याने भिजवून एका बाजूला ठेवा, पोरांना त्यांच्यावर खेळू देऊ नका. मालक म्हणाले, “आमच्या घरावर तीस वर्षं आहेत, कोणाला काय झालं?” मी त्यांना आत्याचं सगळं सांगितलं, जेवढं वर लिहिलं आहे त्याच्या निम्मं. त्यांनी मान हलवली. आत्याला ते ओळखत होते, तिच्या लग्नातले लाडू त्यांना आठवत होते. ती टीबीने गेली असंच त्यांना आजवर माहीत होतं. त्या दिवशी ग्राइंडर पुन्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशीचं मला सांगता येत नाही, मी सकाळच्या गाडीने निघाले.

संध्याकाळी ती मुलगी बादली घेऊन आमच्या परसात आली. शर्ट पिळून तिने बाजूला ठेवला होता. बादलीत करड्या रंगाचं पाणी, वर साय धरल्यासारखा पांढरा तवंग.

“काकी, हे कुठं ओतू?”

आम्ही दोघींनी माडापासून लांब, वाट नाही अशा कोपऱ्यात खड्डा खणला. ती कुदळ मारत होती, मी माती ओढत होते. पाणी ओतून माती लोटेपर्यंत ती काही बोलली नाही. मग हात झटकता झटकता थांबली, ओंजळ पाण्याखाली धरली आणि म्हणाली, “हा गेल्या वर्षीपासून याच कामाला जातो काकी. सगळ्या वाड्यांवर. कपडे मीच धुते.”